दुसरा रिमोट

स्त्रियांच्या चळवळीच्या अंकात व्हिडिओ गेमवर लेख कशाला, असा प्रश्न काही मैत्रिणींना पडेल. पडायलाही हवा. पाणी, रेशन, पोटगी, घरातली मारहाण हे सगळे प्रश्न दारात उभे असताना खेळण्यावर पानं का खर्च करायची? पण गेल्या काही वर्षांत जुने व्हिडिओ गेम हा मोठ्या माणसांचा एक छंद झाला आहे. तिशी-चाळिशीतले, बऱ्यापैकी कमावणारे पुरुष आपल्या लहानपणीचे संच शोधून काढतात, दुरुस्त करतात, कपाटात मांडतात आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांना बोलावून खेळतात. 'आमच्या पिढीचं बालपण' असं त्याला नाव देतात. या 'आमच्या'मध्ये कोण कोण मोडतं, हा माझा प्रश्न आहे. कारण त्याच पिढीतल्या बायकांशी बोलायला बसलं की निराळंच बालपण ऐकायला मिळतं.

माझं काम सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यातल्या वालावल भागात चालतं. कर्ली नदीच्या बाजूचं, लक्ष्मीनारायणाच्या देवळाचं आणि तळ्याचं हे गाव. इथल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईला असतं. त्यामुळे व्हिडिओ गेम आमच्याकडे दुकानातून आला नाही, चाकरमान्याच्या पिशवीतून आला. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्याआधी एसटीने रात्रभर प्रवास करून काका-मामा गणपतीला किंवा मे महिन्यात गावी यायचे, तेव्हा कपडे, खाऊ, बॅटरी यांच्यासोबत एखाद्या घरी हा 'टीव्हीचा गेम'ही यायचा. लॅमिंग्टन रोडवर किंवा मनीष मार्केटात घासाघीस करून घेतलेला. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी त्याची वायर जोडायची, चॅनेल फिरवत बसायचं, आणि मुंग्यांच्या पडद्यातून अचानक रंगीत चित्र उमटलं की पडवीत जमलेली सगळी पोरं ओरडायची.

हे संच मुळात जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम'चे भाऊबंद. फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात घरोघर दिसायचे ते 'समुराई', मीडिया कंपनीचा 'लिटल मास्टर', आणि पुढे नाव-गाव नसलेले स्वस्त चिनी नक्कल संच. १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीने जपानच्या 'सेगा'चे संच भारतात विकायला घेतले, पण त्यांच्या मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपयांच्या घरात होती. ती चैन शहरातल्या श्रीमंतांची. गावात आले ते नक्कल संचच. त्यांच्या कॅसेटवर '९९९९ इन वन' असं छापलेलं असायचं, आणि आत तेच मोजके खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. आकडा मोठा, माल थोडा. तरीही मुलांना त्याचं अप्रूप होतं, आणि ते खोटं नव्हतं.

रचनेतच घातलेला दुजाभाव

मूळ फॅमिकॉमला दोन रिमोट होते, दोन्ही संचालाच कायमचे जोडलेले. त्यांतल्या पहिल्या रिमोटवर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही दोन बटणं होती. दुसऱ्यावर ती नव्हतीच. त्याऐवजी तिथे एक छोटा माइक बसवलेला होता. म्हणजे दुसऱ्या रिमोटवाल्याला खेळ निवडता येत नसे, सुरू करता येत नसे, मध्येच थांबवताही येत नसे. नक्कल करणाऱ्यांपैकी अनेकांनी माइक काढून टाकला, पण बटणांची ही रचना तशीच उचलली.

त्यातला सर्वांत लोकप्रिय खेळ होता 'सुपर मारिओ ब्रदर्स', १९८५ सालचा. तो दोघांनी खेळायचा तर आळीपाळीने. पहिला मारिओ होतो, दुसरा लुइजी. पहिला मरेपर्यंत दुसऱ्याने बघत बसायचं. 'कॉन्ट्रा' हा दुसरा गाजलेला खेळ दोघांनी एकदम खेळायचा, पण त्यात धबधब्याच्या टप्प्यावर पुढचा वर चढत गेला की पडदाही वर सरकतो आणि खाली राहिलेला आपोआप मरतो.

आता हा संच अशा घरात आणून ठेवा, जिथे एक मुलगा आणि एक मुलगी आहे. पहिला रिमोट कोणाच्या हातात जाईल हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

एका बचतगटाच्या बैठकीनंतर हा विषय निघाला, तेव्हा पस्तिशीतली एक मैत्रीण म्हणाली, "माका दुसरो रिमोट गावायचो. त्याका चालू करूचा बटाणच नाय होता." सगळ्या हसल्या. मग एकेक जण सांगू लागली. भावाचे प्राण संपेपर्यंत थांबायचं, आणि आपली पाळी आली की नेमकी आतून आईची हाक यायची. कोणी पाणी भरायला उठली, कोणी धाकट्याला घ्यायला, कोणी संध्याकाळची तुळशीपुढे दिवा लावायला. परत येईपर्यंत भावाने नवा डाव सुरू केलेला. एकीला तर कधीच खेळू दिलं नव्हतं. 'तू बिघडवशील' म्हणून. संचाला हात लावायचा तो फक्त त्यावरची धूळ पुसायला. तिथे बसलेल्या एका काकींना मी विचारलं, तुम्ही मुलीला का नाही खेळू दिलं? त्यांनी अजिबात न लाजता सांगितलं, "गेम झिलाक हाडललो. आणि आमका तरी खेळाक येळ खय गावलो गो बाय?"

काकींचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी मुद्दाम मुलीवर अन्याय केला असं नाही. जे स्वतःच्या वाट्याला कधी आलं नाही, ते मुलीच्या वाट्याला यायला हवं असं त्यांच्या मनातच आलं नाही. वंचना अशीच आईकडून लेकीकडे जाते, वाद न होता.

वेळ ही सुद्धा संपत्तीच

आपण मालमत्तेच्या हक्काबद्दल बोलतो, मजुरीच्या दराबद्दल बोलतो. वेळेच्या वाटणीबद्दल कमी बोलतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, तर असं काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषाचीही नऊ वाचली. दरी होती तिथेच राहिली. आणि या मोजणीत सहा वर्षांच्या पुढच्या सगळ्या मुली येतात हे विसरू नका. मुलगी शाळेत जायला लागते त्याच वयात तिच्या वेळेवर घराचा हक्क सुरू होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं ३१ वं कलम मुलांना विश्रांतीचा, मोकळ्या वेळेचा आणि खेळाचा हक्क देतं. हा करार १९८९ साली झाला, भारताने तो १९९२ साली मान्य केला. म्हणजे चाकरमान्यांच्या पिशवीतून हे संच गावात येत होते त्याच काळात. कागदावर मुलगा आणि मुलगी दोघांनाही खेळाचा हक्क मिळाला, आणि घरात पहिला रिमोट मुलाकडे गेला.

कोणी म्हणेल, आमच्याकडे बायका खेळत नाहीत कुठे? गणपतीत फुगड्या असतात की. असतात, आणि त्या मला फार प्रिय आहेत. आमच्या भागात गणपतीत घरोघरी बायका जमतात, रात्र रात्र फुगड्या घालतात, गाण्यांतून सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल करतात. पण फुगडीला तिथी लागते. ती व्रताच्या, सणाच्या आडोशाने येते. देवाच्या नावाने मिळालेली ती रजा असते, आणि गौरी-गणपती पोचले की रजा संपते. मुलाला मात्र मंगळवारी दुपारीही खेळायला कारण लागत नाही. निव्वळ वाटलं म्हणून, कुठल्याही देवाला मध्ये न घेता, साध्या दिवशी अर्धा तास खेळणं हे आपल्या समाजात बाईला अजून शोभत नाही. म्हणूनच मी खेळण्याकडे हक्काचा प्रश्न म्हणून बघते.

पडद्यावरची बाई

खेळांच्या आत काय होतं हेही बघायला हवं. १९८१ च्या 'डाँकी काँग'पासून एकच गोष्ट: बाईला पळवलं जातं आणि पुरुष तिला सोडवायला निघतो. मारिओची राजकन्या किल्ल्यात बंद असते, आणि बहुतेक किल्ले जिंकूनही कळतं की ती इथे नाहीच, दुसऱ्या किल्ल्यात आहे. १९८७ च्या 'डबल ड्रॅगन'ची सुरुवातच एका बाईच्या पोटात ठोसा मारून तिला खांद्यावर टाकून नेण्याने होते. ती बाई खेळात काही करत नाही. ती बक्षीस आहे. आपल्या पुराणकथांवर आणि हिंदी सिनेमावर वाढलेल्या मुलांना यात वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं.

अपवाद म्हणून जे खेळ सांगितले जातात तेही नीट तपासून पाहावेत. १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखत घातलेला अंतराळवीर शेवटी शिरस्त्राण काढतो आणि ती बाई असल्याचं कळतं. तेव्हा तो मोठा धक्का होता, आणि आजही संग्राहक त्याबद्दल कौतुकाने बोलतात. पण हे गुपित खेळ झटपट संपवणाऱ्यालाच कळतं, आणि खेळ जितका लवकर संपवाल तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी होत जातात. म्हणजे शौर्य तिचं आणि बक्षीस बघणाऱ्याला. १९८२ ची 'मिस पॅक-मॅन' तर काय, पॅक-मॅनलाच लिपस्टिक आणि केसांत फीत.

तरीही हे खेळ जाळून टाकावेत असं मी म्हणणार नाही. आपण लोकगीतं, ओव्या, जुने चित्रपट गोळा करतो ते सगळे पुरोगामी असतात म्हणून थोडेच? काय शिकवलं गेलं हे समजण्यासाठीही जपावं लागतं. शिवाय खेळाची अशी एक मजा असते जी गोष्टीपलीकडची आहे. अचूक क्षणी उडी मारणं, दहा वेळा पडून अकराव्यांदा पार होणं, यातला आनंद राजकन्येच्या गोष्टीवर अवलंबून नसतो. मुलींना तो आनंदही मिळाला पाहिजे आणि त्या गोष्टीवर हसण्याची अक्कलही.

ज्या हातांनी हे घडवलं

संग्राहकांच्या बोलण्यात काही नावं वारंवार येतात, ती बहुतेक पुरुषांची. कॅरोल शॉ हे नाव आपल्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावं. अटारी २६०० या संचासाठी १९८२ साली 'रिव्हर रेड' हा खेळ तिने एकटीने लिहिला. नदीवरून विमान उडवायचं, इंधन भरत राहायचं. किनारे, बेटं, पूल यांची न संपणारी नदी तिने अगदी तुटपुंज्या जागेत, एका छोट्या गणिती युक्तीने उभी केली. त्याआधी ती अटारीत होती, तेव्हा बाई आली आहे तर आता कॅसेटच्या डब्यांची रंगसंगती बघेल, अशा अर्थाचं एक वरिष्ठ बोलून गेल्याची आठवण तिने सांगितली आहे. २०१७ साली तिला या क्षेत्रातला मोठा सन्मान मिळाला. पस्तीस वर्षांनी.

पण नाव मिळालेली ती एक. ज्यांची नावं कुठेच नाहीत अशा बायका हजारोंनी आहेत. या संचांच्या पोटात ज्या चिप असतात, त्या जुळवण्याचं काम जगभर तरुण मुलींकडून करून घेतलं गेलं. फेअरचाइल्ड या अमेरिकी कंपनीने १९६५ साली शिपरॉक या गावी, नावाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशात, चिप जुळवण्याचं काम सुरू केलं. तिथे हजाराच्या आसपास लोक कामाला होते, त्यांत बहुसंख्य बायका. कंपनीने आपल्या माहितीपत्रकात या बायकांच्या गालिचे विणण्याच्या कसबाची चिपवरच्या नक्षीशी तुलना केली. पिढ्यान्पिढ्यांचं कसब म्हणून कौतुक करायचं आणि कौशल्याचा मोबदला मात्र द्यायचा नाही, ही जुनीच युक्ती. कामगार कपातीवरून १९७५ साली आंदोलकांनी कारखाना ताब्यात घेतला, त्यानंतर कंपनीने तो बंदच केला. याच फेअरचाइल्डने १९७६ साली 'चॅनेल एफ' हा कॅसेट बदलता येणारा पहिला संच बाजारात आणला. पुढे फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने कॅलिफोर्नियातल्या सुमारे १,७०० जणांना कामावरून काढलं आणि उत्पादन हाँगकाँग-तैवानला नेलं. तिथेही जुळणीच्या बाकांवर मुलीच.

डायेन एल्सन आणि रूथ पीअरसन या अभ्यासकांनी १९८१ साली दाखवून दिलं की बायकांची 'चपळ बोटं' ही जन्मजात देणगी नसते. लहानपणापासून शिवण-टिपण, निवडण-टिपण करून घेऊन ती घडवलेली असतात. हे शिक्षण घरात, फुकट झालेलं असल्यामुळे मालक त्याला कौशल्य मानत नाही आणि मजुरी कमी देतो. आपल्याकडे अंधेरीला १९७३ साली सीप्झ उभं राहिलं ते इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीच, आणि तिथेही तरुण मुलींची भरती मोठ्या प्रमाणावर झाली. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून तारा जोडणाऱ्या या मुलींपैकी कितीजणींच्या घरी 'तू बिघडवशील' म्हणून त्यांना टीव्हीला हात लावू देत नसतील?

संग्रह कोणाला परवडतो?

व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिलं होतं की बाईला लिहायचं तर स्वतःची खोली आणि स्वतःचे पैसे हवेत. संग्रहाचंही तेच आहे. जुने संच जपायला जागा लागते, पैसे लागतात, आणि रविवारची अख्खी दुपार लागते. नवऱ्याच्या छंदासाठी घरातला एक कोनाडा सहज मोकळा होतो. बायकोचा छंद स्वयंपाकघरातल्या डब्यामागे राहतो. शिवाय संग्राहकाच्या मागे घर चालवणारी एक बाई असते, जी त्या कोनाड्यातला केर काढते. माळा आवरताना 'हा कचरा भंगारवाल्याला देऊ का?' असं तिने विचारलं की तिची थट्टा होते. पण तिच्या आठवणीत त्या वस्तूबद्दल जपावं असं काही ठेवलंच नसेल, तर तिने ती का जपावी?

दुसऱ्या टोकाला बाजार आहे. २०२१ साली अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४' या खेळाची न उघडलेली एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. ती कधीही कोणी खेळणार नाही. खेळणं खेळण्यासाठी असतं हेच विसरायला लावणारी ही श्रीमंती. अशा संग्रहाचं आपल्याला काही देणंघेणं नाही.

मला आस्था आहे ती दुरुस्तीच्या बाजूबद्दल. कारण ते खरं ज्ञान आहे, आणि ते बायकांपासून दूर ठेवलं गेलं. कोकणची हवा या यंत्रांची वैरी आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा ओलावा यांनी कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्या काळवंडतात, आतल्या पिनांना गंज चढतो. मुलं कॅसेट काढून फुंकर मारायची आणि गेम चालू झाला की फुंकरीचा गुण समजायची. खरं तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नीट टेकायच्या. फुंकरीतल्या थुंकीने उलट गंज वाढायचा. योग्य उपाय साधा आहे: कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसायच्या आणि पूर्ण वाळू द्यायच्या. अडॅप्टर जोडण्याआधी त्याचे व्होल्ट आणि धन-ऋण बाजू संचाशी जुळते का हे पाहायचं, नाहीतर संच जळतो. फुगलेले कपॅसिटर कधीतरी बदलावे लागतात. त्यासाठी डाग देता आला पाहिजे, आणि डाग देणं हे चकल्या तळण्याहून कठीण नाही. काही कॅसेटमध्ये खेळाची नोंद टिकवण्यासाठी नाण्यासारखी बॅटरी असते, ती संपली की नोंद पुसली जाते. बंदुकीने बदकं मारायच्या खेळाला जुना, काचेच्या नळीचाच टीव्ही लागतो, कारण ती बंदूक त्या टीव्हीच्या पडद्यावर प्रकाश ज्या पद्धतीने आणि ज्या वेळी उमटतो त्यावरच चालते. मात्र अशा टीव्हीचं मागचं झाकण आपण उघडू नये. बंद केल्यावरही त्यात घातक दाबाची वीज साठून राहते, ते काम जाणकाराचंच.

बाकी हे सगळं आपल्याला परकं आहे का? दमट हवेत वस्तू टिकवण्याचं शास्त्र कोकणातल्या बाईइतकं कोणाला कळतं? पावसाआधी पापड, फेण्या, सोलं, सुकी मासळी कोरडी करून, झाकणं घट्ट लावून, मधूनच ऊन दाखवून वर्षभर कशी टिकवायची हे ती जाणते. तेच ज्ञान पुठ्ठ्याच्या खोक्यात पडलेल्या यंत्राला लावायचं. फक्त यंत्राला मात्र कडक ऊन देऊ नये, प्लास्टिक पिवळं पडतं. घरातली बाई हे करते तेव्हा त्याला 'बेगमी' म्हणतात आणि पुरुष करतो तेव्हा 'जतन'. शब्दांतला हा भेदही आपण मोडायला हवा.

मग आपण काय करायचं?

पहिली सूचना अगदी साधी आहे. आपापल्या गावातल्या माळ्यांवर, कपाटांवर हे संच अजून पडून आहेत. ते भंगारात जाण्याआधी गटाने मागून घ्यावेत. पाच बंद संचांतून दोन चालू होतात. ते उघडायचं काम मुलींना द्यावं. स्क्रूड्रायव्हर, मीटर, डाग द्यायची इस्त्री त्यांच्या हाती यावी. जुन्या संचाचा एक फायदा असा की तो आधीच बिघडलेला आहे. 'तू बिघडवशील' हे वाक्य तिथे कोणी उच्चारू शकत नाही. अशा उघडलेल्या संचासमोर बसून एखाद्या मुलीला आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक शाखेची वाट दिसली, तर मला आश्चर्य वाटणार नाही. शिवणकाम आणि ब्यूटी पार्लर यांच्यापलीकडे मुलींसाठी प्रशिक्षण असतं हे आपल्या संस्थांनाही आठवायला हवं.

दुसरी गोष्ट, खेळावं. बैठकीआधी अर्धा तास, मोठ्या बायकांनीसुद्धा. ज्या घरात मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्यापायी दागिने गेले, त्या घरातल्या बाईला 'गेम' हा शब्दच नकोसा वाटतो, हे मला माहीत आहे. २०२५ साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तो अशाच घरांच्या कहाण्यांनंतर. पण जुन्या संचात पैसा लावता येत नाही, जाहिरात येत नाही, अनोळखी माणूस मेसेज करत नाही. खटका बंद केला की खेळ संपला. त्यापुढे दोघी जणी शेजारी शेजारी बसतात, चुकतात, एकमेकींना हसतात. मुलींना मोबाइल देण्याबद्दल घराघरांत जी भीती आहे, तिच्याशी बोलण्याची सुरुवातही इथून होऊ शकते.

तिसरी गोष्ट, आठवणी लिहून काढाव्यात. 'आमच्या पिढीचं बालपण' पुरुष लिहीत आहेत, छायाचित्रं जमवत आहेत, संग्रह करत आहेत. दाराच्या चौकटीत उभं राहून खेळ बघणारीचं बालपण त्यात नाही. पाळी येण्याआधी हाक आलेलीचं नाही. पण भाऊ शाळेत गेल्यावर, आई नदीवर धुणं धुवायला गेल्यावर, दार लावून गुपचूप पहिला रिमोट हातात घेतलेल्या मुलींचंही नाही. अशाही होत्या. आमच्या बैठकीत एकीने सांगितलं की तिने अख्खा मारिओ असा चोरून पूर्ण केला होता आणि भावाला आजतागायत कळू दिलेलं नाही. तिला तेव्हा शाबासकी द्यायला कोणी नव्हतं. ती आपण आता देऊ या.

या सगळ्याने क्रांती होणार नाही. पाण्याचा मोर्चा काढावाच लागेल, पोटगीची केस लढावीच लागेल. पण ज्या बाईने साध्या दिवशी अर्धा तास स्वतःसाठी मागून घेतला, ती उद्या आणखीही काही मागेल, असा माझा कामातला अनुभव आहे. 'माझा वेळ माझा आहे' हे वाक्य बोलायला शिकणं ही छोटी गोष्ट नाही. आपल्यापैकी अनेकींना चाळिशी उलटली तरी ते नीट बोलता येत नाही.

घरात नवं काही यंत्र आलं, मग तो संगणक असो, स्कूटर असो की मोबाइल, त्याचं 'स्टार्ट'चं बटण कोणाच्या हातात आहे हे आधी बघावं. मुलगी दुसऱ्या रिमोटवर खूश दिसते म्हणून समाधान मानू नये. तिने पहिला कधी हातात घेतलेलाच नसतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, तुमच्या गटात कोणाकडे असा जुना संच असेल, तो कोणी उघडला-जोडला असेल, किंवा नुसती आठवण असेल, तरी जरूर लिहून पाठवा. भावाचा रिमोट हिसकावून घेतला असेल तर आधी पाठवा.